उसन्या नावाखाली चारशे वर्षं: हासामी गावाचा प्रकरण अभ्यास

आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला आजही चिनी मातीची बरणी म्हणतात. ती बरणी चीनमध्ये घडलेली नसते, तिची मातीही चीनमधून आलेली नसते. पण मालाला एकदा एखाद्या मुलखाचं नाव चिकटलं की ते पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. जपानच्या क्युशू बेटावरच्या हासामी गावाला याच गोष्टीची दुसरी बाजू भोगावी लागली. तिथे चारशे वर्षं पोर्सिलेनची, म्हणजे आपण चिनी मातीची म्हणतो तशी भांडी घडली, देशभर गेली, परदेशातही गेली. पण दुकानात मांडली जाताना त्यांच्यावर नाव असायचं दुसऱ्याचं: आधी इमारी बंदराचं, पुढे शेजारच्या आरिता गावाचं. मग 2000 च्या सुमारास ते नाव वापरणं थांबवायची वेळ आली. एरवीही धंदा उतरणीलाच लागलेला होता. अशा वेळी ज्या गावाला स्वतःचं नाव म्हणून बाजारात काही पतच नव्हती, त्या गावानं काय केलं, त्यातलं काय साधलं आणि काय अजून साधायचं आहे, हा या प्रकरणाचा विषय.

मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते एका कारणासाठी. हासामीची वर येण्याची गोष्ट सांगताना बहुतेक जण एका रंगीत मगापासून सुरुवात करतात. तो मग खरा आहे आणि त्याचं श्रेयही खरं आहे. पण तो मग घडू शकला तो गावात आधीपासून असलेल्या एका रचनेमुळे, आणि आज जे दुखणं आहे तेही त्याच रचनेत आहे. म्हणून थोडं मागे जाऊन बघू.

डोंगराच्या अलीकडे, डोंगराच्या पलीकडे

हासामी नागासाकी प्रांतात येतं. नागासाकीचा नकाशा म्हणजे जमीन कमी आणि किनारा जास्त. द्वीपकल्पं, खाड्या, बेटं. त्या अख्ख्या प्रांतात ज्याला समुद्रच लाभला नाही असं हे एकुलतं एक गाव. लोकवस्ती सुमारे 14 हजार. चहूकडे डोंगर, मधल्या सपाटीवर भातखाचरं. ओनिगी या वस्तीतली डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची भातशेती 1999 मध्ये जपानमधल्या 100 निवडक पायरी-शेतांच्या यादीत गेली. इथले लोक स्वतःबद्दल सांगताना ‘अर्धी शेती, अर्धी भांडी’ असं सांगतात, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही. अनेक घरांत लावणी-कापणी आणि भट्टी ही दोन्ही कामं एकाच वर्षात बसवली जात.

डोंगर ओलांडला की आरिता. ते सागा प्रांतात. आज ही केवळ प्रशासकीय हद्द वाटते, पण ती जुन्या दोन संस्थानांमधली सीमा आहे. हासामी ओमुरा घराण्याच्या ताब्यात होतं, आरिता नाबेशिमा घराण्याच्या. दोन्हीकडची भांडी एकाच घटनेतून उगवली. 1592 ते 1598 या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानं कोरियावर स्वाऱ्या केल्या आणि परतताना क्युशूच्या सरदारांनी तिकडचे कुंभार बरोबर आणले. ‘आणले’ हा शब्द सौम्य आहे. त्यातले कित्येक जण स्वखुशीनं आलेले नव्हते. आरितात यी साम-प्यॉंग या कोरियन कुंभाराला 1616 मध्ये इझुमियामा इथे पोर्सिलेनचा दगड सापडला असं मानलं जातं. हासामीत 1599 च्या सुमारास डोंगरउतारावर पहिल्या भट्ट्या बांधल्या गेल्या. सुरुवातीला साधी, झिलई दिलेली मातीची भांडी; मग मित्सुनोमाता इथे पोर्सिलेनजोगा दगड हाती लागला आणि काम तिकडे वळलं.

इथलं पोर्सिलेन दगडापासून होतं हे सांगायला हवं, कारण ‘चिनी माती’ या शब्दानं आपली फसगत होते. दगड फोडायचा, कुटायचा, पाण्यात निवळायचा आणि मग त्याची माती होते. पुढे मित्सुनोमाताची जागा कुमामोतो प्रांतातल्या आमाकुसा बेटांवरच्या दगडानं घेतली. आज आरिता आणि हासामी दोघंही मुख्यतः आमाकुसाचाच दगड वापरतात. म्हणजे कच्चा माल एक, कारागिरीची मुळं एक, भट्टीचं तापमान एक. फरक पडला तो कोणासाठी घडवायचं यात.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या बाजूला येऊन पोचते. भट्ट्या लागण्याआधी, 1582 मध्ये, क्युशूच्या ख्रिस्ती सरदारांनी चार किशोरवयीन मुलांना रोमला पोपच्या भेटीला पाठवलं. त्यातला हारा मार्तिनो हा हासामीचा. परतीच्या वाटेवर 1587 मध्ये त्यानं गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं आणि पुढच्याच वर्षी ते गोव्यात छापून निघालं. डोंगरांत कोंडलेल्या, समुद्र नसलेल्या या गावाचा एक मुलगा ओल्ड गोव्यात उभा राहून लॅटिन बोलत होता, ही गोष्ट मला विसरता येत नाही. मायदेशी ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यावर त्याला देश सोडावा लागला आणि 1629 मध्ये मकावला तो वारला.

दोन वाटा

आरिताच्या वाट्याला दरबार आला. नाबेशिमा घराण्यानं भेटीदाखल देण्यासाठी खास भांडी घडवून घेतली. काकिएमोन घराण्याची रंगीत नक्षी युरोपातल्या राजवाड्यांत पोचली. हासामीच्या वाट्याला आला रोजचा भात.

मधला थोडा काळ हासामीही परदेशात विकत होतं. 1640 च्या दशकात चीनमध्ये मिंग घराणं कोसळलं, तिकडचा माल येईनासा झाला, आणि डच व्यापारी क्युशूकडे वळले. तेव्हा हासामीच्या भट्ट्यांनाही काम मिळालं. पण 1684 मध्ये चीननं सागरी व्यापारावरची बंदी उठवली, चिनी भांडी पुन्हा बाजारात आली, आणि हासामीची मागणी आटली. तेव्हा गावानं जो निर्णय घेतला तो पुढची तीनशे वर्षं टिकला: देशातल्या सामान्य माणसाला परवडेल असं भांडं घडवायचं.

स्वस्त घडवायचं तर एका भाजणीत शक्य तितकं भाजून काढायला हवं. म्हणून भट्ट्या वाढत गेल्या. नाकाओ वस्तीतल्या ओओशिन भट्टीची लांबी 170 मीटरच्या आसपास होती. ही चढती भट्टी डोंगराच्या उतारावर एकाला एक लागून असलेल्या खोल्यांची असते. खालच्या तोंडाशी पेटवायचं. धग वर चढत जाते आणि प्रत्येक खोलीत बाजूनं लाकडं सारून तापमान राखायचं. 170 मीटर म्हणजे फुटबॉलच्या दीड मैदानाएवढी लांब भट्टी. जगातल्या सगळ्यात मोठ्या चढत्या भट्ट्यांमध्ये तिची गणना होते, आणि तिच्या तोडीच्या आणखी दोन भट्ट्याही याच गावच्या. 2000 मध्ये या भट्ट्यांच्या अवशेषांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

या भट्ट्यांमधून निघालेलं सगळ्यात ओळखीचं भांडं म्हणजे कुरावांका वाडगा. क्योतो आणि ओसाका यांच्यामध्ये योदो नदीतून प्रवासी होड्या चालत. त्यांच्या कडेला लहान होड्या लावून भात, सार आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, विकणारे ओरडत, ‘कुरावांका!’ सभ्य भाषेत याचा अर्थ ‘जेवणार का?’ असा, पण त्या बोलीतला तो शब्द तसा सभ्य नव्हता. आपल्याकडे ‘गिळणार का रे?’ म्हणावं तसा. या होड्यांवरून जो वाडगा विकला जाई त्यालाच ते नाव पडलं. जाड काठ, जड बूड, म्हणजे होडी हलली तरी लवंडायला नको. वर निळ्या रंगात चार-दोन फटकाऱ्यांची वेलबुट्टी. ती नक्षी जवळून पाहिली तर हात किती वेगानं चालला असेल हे कळतं: पान जिथे संपायला हवं तिथे संपत नाही, पुढच्या पानात घुसतं. दिवसाला शेकडो वाडगे रंगवणाऱ्याचा तो हात आहे. मला ती नक्षी दरबारी भांड्यांहून जास्त आवडते.

आणि एक बाटली. नागासाकीच्या देजिमा बेटावर डचांची वखार होती. तिथून सोया सॉस आणि साके परदेशी जाई ते हासामीत घडलेल्या पांढऱ्या, गोल पोटाच्या, आखूड मानेच्या बाटल्यांतून. त्यांना कोन्पुरा बाटल्या म्हणत; हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या खरेदीदलालाला असलेल्या शब्दावरून आला. बाटलीवर निळ्या रोमन अक्षरांत डच भाषेत लिहिलेलं असे, ‘जपानी सोया’ किंवा ‘जपानी साके’. देशाचं नाव होतं, आतल्या मालाचं नाव होतं. बाटली घडवणाऱ्या गावाचं नाव नव्हतं.

नाव उसनं कसं झालं

यात कुणाचा कट नव्हता, हे आधी नोंदवतो. पूर्वी या सगळ्या पट्ट्यातली भांडी इमारी बंदरातून जहाजात चढत, म्हणून बाहेर त्या सगळ्यांना इमारी म्हणत. त्यात आरिताचं नावही बुडालेलंच होतं. मग रेल्वे आली. 1897 मध्ये आरिता स्थानक सुरू झालं आणि हासामीची भांडी तिथे नेऊन आगगाडीत चढू लागली. ज्या स्थानकावरून माल निघतो त्या गावाचा तो माल, हा व्यापाराचा सरळ हिशेब. शिवाय आरिताच्या नावाला भाव होता. हासामीचे व्यापारी आपणहूनही ते नाव सांगत, कारण ग्राहकाला ते कळत होतं. हासामीला 1978 मध्ये सरकारकडून पारंपरिक कलावस्तूचा दर्जा स्वतःच्या नावानं मिळाला, तरी बाजारात फारसा फरक पडला नाही.

या व्यवस्थेत पैसा मिळत होता. युद्धानंतरच्या भरभराटीच्या दशकांत लग्नाच्या आहेराचे संच, पारंपरिक निवासांतली मेजवानीची भांडी, कॅन्टीनची ताटं, या सगळ्याची मागणी अफाट होती. हासामी मोठ्या संख्येनं माल काढू शकत होतं. घरोघरी त्यांची भांडी होती आणि घरोघरी गावाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

याच काळातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. हासामीतल्या हाकुसान तोकी या कारखान्यात मासाहिरो मोरी 1956 मध्ये आरेखक म्हणून दाखल झाले. त्यांनी 1958 मध्ये सोया सॉससाठी एक छोटी झारी घडवली. बूड रुंद, मान बारीक, म्हणजे ओल्या हातानंही चिमटीत धरता येते, आणि ओतून झाल्यावर थेंब चोचीवरून खाली ओघळत नाही. 1960 मध्ये तिला जपानच्या गुड डिझाइन पुरस्काराचा मान मिळाला. ती आजही बनते. ती झारी न पाहिलेला जपानी माणूस सापडणं अवघड, पण ती कोणत्या गावची हे विचारलं असतं तर त्या काळी फार थोड्यांना सांगता आलं असतं.

कामाची वाटणी

इथे जरा थांबायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ इथे आहे.

कुंभार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक माणूस, एक चाक आणि एक आवा येतो. हासामीत तसं नाही. एक कप पाच-सहा घरांमधून फिरून तयार होतो. माती तयार करणारे वेगळे. साचा घडवणारे वेगळे, त्यांना काताया म्हणतात. साच्यात माती भरून कच्चं भांडं काढणारे किजिया. ते भांडं भाजणारे, झिलई देणारे, निळी नक्षी काढणारे कामामोतो, म्हणजे भट्टीवाले. झिलईवर पुन्हा रंगकाम असेल तर त्याची घरं आणखी वेगळी. आणि या सगळ्यांना काम देऊन माल शहरात पोचवणारे व्यापारी. म्हणजे अख्खं गाव हाच एक कारखाना, आणि गल्ल्या हे त्याचे विभाग.

साचेवाल्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. त्याच्याकडे आरेखन येतं ते कागदावर. तो आधी प्लास्टरचा मूळ नमुना कोरतो. पण नमुना कपाएवढा करून चालत नाही. सुकताना आणि भाजताना पोर्सिलेन आटतं, दहा टक्क्यांहून जास्त. म्हणून नमुना तेवढा मोठा. हे गणित सोपं आहे. अवघड पुढे आहे. कपाला कान असला की भट्टीत साधारण 1300 अंशांना माती मऊ पडते आणि कानाच्या ओढीनं कपाचं गोल तोंड वेडंवाकडं होतं. बशीचा मधला भाग स्वतःच्या वजनानं बसतो. म्हणून साचेवाला कपाचं तोंड मुद्दाम किंचित लांबट ठेवतो, बशीचा मध्य मुद्दाम किंचित उचलून धरतो. त्याच्या हातातला नमुना वाकडा असतो, तेव्हा कुठे भट्टीतून बाहेर येणारं भांडं सरळ असतं. कोणत्या आकाराला किती वाकडं करायचं, हे तो मागच्या चुकांवरून शिकलेला असतो. मूळ नमुन्यावरून एक मातृसाचा काढतात आणि त्यावरून रोजच्या वापराचे साचे.

मग किजियाकडे. दुधासारखी पातळ केलेली माती साच्यात ओतायची. प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि साच्याच्या भिंतीला मातीचा थर धरू लागतो. थर पुरेसा झाला की उरलेली पातळ माती उलटी करून ओतून टाकायची. थंडीत जास्त वेळ, उन्हाळ्यात कमी. पावसाळी हवेत साचे नीट सुकतच नाहीत. अर्धवट सुकलेला कप चामड्यासारखा झाला की त्याची शिवण खरवडायची, कान त्याच पातळ मातीनं चिकटवायचा, ओल्या स्पंजानं काठ पुसायचा. असे शंभरएक कप काढले की साच्याची धार बोथट होते आणि तो टाकून द्यावा लागतो.

या वाटणीचे दोन परिणाम झाले. एक, हासामीला स्वतःची अशी ठरावीक शैली कधी आलीच नाही. व्यापारी जे मागेल ते घडवायचं. आज निळी वेलबुट्टी, उद्या पाश्चात्त्य धाटणीचा मग. आरिता म्हटलं की डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहतं, हासामी म्हटलं की राहत नाही. दुसरा परिणाम, एकाच कामात पिढ्या घालवल्यानं प्रत्येक टप्प्यावरचा हात इतका तयार झाला की अवघड आकारही हजारांच्या संख्येत, एकसारखे आणि परवडणाऱ्या भावात निघू लागले.

नाव गेलं

1990 नंतर जपानची फुगलेली अर्थव्यवस्था बसली. मेजवान्या कमी झाल्या, आहेराचे संच देण्याची पद्धत मागे पडली, शंभर येनच्या दुकानांत बाहेरून आलेली स्वस्त भांडी दिसू लागली. सगळ्याच भांडी घडवणाऱ्या गावांची विक्री वर्षागणिक घसरत गेली. त्यातच, 2000 च्या सुमारास, माल कुठे घडला हे खरंखरं लिहिण्याबद्दल जपानभर कडक वातावरण तयार झालं. खाण्याच्या पदार्थांमधल्या खोट्या मूळस्थानांची प्रकरणं गाजत होती आणि लोकांचा विश्वास उडत होता. तोच आग्रह भांड्यांनाही लागू झाला. हासामीत घडलेलं भांडं आता आरिता म्हणून विकता येणार नव्हतं.

यात आरिताचं काही चुकलं असं मला वाटत नाही. नाव त्यांचं होतं. पण हासामीच्या व्यापाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. कालपर्यंत तोक्योच्या दुकानदाराला ‘आरिताचा माल’ म्हटलं की पुढचं बोलणं भावावर सुरू व्हायचं. आज ‘हासामीचा’ म्हटलं की तो विचारायचा, हे कुठे आलं? लिहितानाही अडचण. गावाच्या नावाची चिनी चित्रलिपीतली तीन अक्षरं कशी वाचायची हेच कित्येकांना कळत नव्हतं. गावातला कोझान हा मोठा कारखाना 2001 मध्ये बंद पडला. आता चालवायचं तर स्वतःच्या नावावर, आणि त्या नावात लोकांना दिसण्यासारखं काहीच भरलेलं नव्हतं.

एक मग आणि नाव

मारुहिरो ही हासामीतली एक व्यापारी पेढी. इतरांसारखीच अडचणीत सापडलेली. तिथल्या मालकांचा मुलगा क्योहेइ बाबा, वय विशीच्या मध्यात, गावी परतला. पेढीनं नारा इथल्या नाकागावा मासाशिची या जुन्या व्यापारी घराचा सल्ला घेतला. 1716 पासून कापडाच्या धंद्यात असलेलं हे घर तेव्हा इतर हस्तोद्योगांना मार्गदर्शन करू लागलं होतं. त्यातून 2010 मध्ये एक नवी मालिका बाजारात आली. तिचं नाव ठेवलं ‘हासामी’, रोमन लिपीत. गावाचंच नाव. ज्या नावाला बाजारात वजन नव्हतं तेच पेटीवर ठळकपणे छापलं.

पहिलं भांडं होतं ब्लॉक मग. जाड भिंत, सरळ उभा आकार, 1950-60 च्या अमेरिकन खानावळीतल्या मगाची आठवण देणारा, एकावर एक रचता येणारा, मोजक्या रंगांचा. तरुण दुकानदारांनी तो उचलला. भांड्यांच्या दुकानांनी नव्हे, कपड्यांच्या आणि घरसजावटीच्या दुकानांनी. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आरिता आणि हासामी यांतला फरक ठाऊक नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या मनात तुलनाही नव्हती. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. जुन्या बाजारात जाऊन ‘आम्ही आरितापेक्षा कमी नाही’ असं सांगत बसले असते तर आयुष्यभर सांगतच राहिले असते.

पाठोपाठ इतरही आले. लॉस एंजेलिसमध्ये दुकान चालवणारे ताकुहिरो शिनोमोतो यांनी हासामीच्या भट्टीवाल्यांबरोबर एक मालिका केली: वाडगे, ताटल्या, मग, सगळ्यांचे व्यास एका मापात, म्हणजे काहीही कशावरही रचून ठेवता येतं. नावात पुन्हा हासामी. अमेरिकेतल्या एखाद्या कॉफीच्या दुकानात बसलेल्या माणसानं कप उलटा करून बुडाखाली गावाचं नाव वाचावं, हे तीन-चार शतकांत पहिल्यांदा घडत होतं.

बंद पडलेल्या कोझान कारखान्याच्या लाकडी इमारती पाडल्या नाहीत. त्यांत 2006 पासून एकेक करत कॅफे, भांड्यांची दुकानं, किराणा, कामाच्या जागा सुरू झाल्या. त्या भागाला निशिनोहारा म्हणतात. बाहेरून आलेली तरुण माणसं तिथे राहिली, काहींनी संसार थाटला. मारुहिरोनं 2021 मध्ये गावात हिरोप्पा नावाचं मोकळं मैदान केलं, मुलांना खेळायला आणि पावलं टेकवायला. एप्रिलअखेरीच्या आणि मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत भांड्यांची जत्रा भरते. पूर्वी लोक आरिताच्या जत्रेला जाता-येता इथे डोकावत. आता मुद्दाम इथे येणारेही खूप आहेत.

आता ही गोष्ट ‘एका हुशार तरुणानं गाव वाचवलं’ अशी सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. ब्लॉक मगाच्या जागी कुरावांका वाडगा ठेवून बघा. जाड काठ, जड बूड, मोजकी सजावट, रोजच्या वापराला, खिशाला परवडणारा. मगाचा आकार अमेरिकेतून आला असेल, पण वृत्ती योदो नदीवरच्या होडीतलीच आहे. दुसरं म्हणजे, विशीतल्या मुलानं कधी न घडलेला आकार कागदावर काढून द्यावा आणि तो विकता येईल अशा भावात, हजारांच्या संख्येत गावातच घडून यावा, हे शैली घट्ट धरून बसलेल्या गावात जमलं नसतं. शैली नसणं ही हासामीची उणीव मानली जात होती. ‘सांगाल ते घडवू’ म्हणणारे पाच-सहा टप्प्यांवरचे हात तिथे शाबूत होते, म्हणून नाव बदलल्याबरोबर नवा माल उभा राहू शकला. तो मग घडला क्योहेइ बाबा यांच्या कल्पनेत जितका, तितकाच त्या वाकड्या नमुन्यात, जो भट्टीतून सरळ होऊन बाहेर येतो.

जे अजून सुटलेलं नाही

आणि तिथेच माझी काळजी आहे.

नाव मिळालं ते कपाच्या बुडाला. त्या नावाचा उजेड पडतो व्यापारी पेढीवर, आरेखकावर, फार तर भट्टीवाल्यावर. साचेवाला आणि किजिया या उजेडाच्या बाहेर आहेत. त्यांची घरं घटत चालली आहेत, काम करणारे हात म्हातारे होत आहेत, आणि पुढे चालवायला मुलं नाहीत. याचं कारण समजायला अवघड नाही. कच्च्या भांड्याचा दर नगावर ठरतो. तो ठरवताना वरचे सगळे आपापला हिशेब सांभाळतात आणि उरलेला दाब शेवटी सगळ्यात खालच्या टप्प्यावर येतो. कप दुप्पट भावात विकला गेला म्हणून ओतकाम करणाऱ्याची मजुरी आपोआप दुप्पट होत नाही.

हेही विसरू नये की मागणी वाढल्यावर हा टप्पा आधी अडतो. भट्टी गॅसची आहे. तिच्यात जास्त माल लावता येतो, नवी घेता येते. छापील नक्षी कितीही काढता येते. पण प्लास्टरचा साचा पाणी शोषायला त्याचा वेळ घेणारच, आणि कान चिकटवणारा हात एका दिवसात ठरावीकच कान चिकटवणार. दुकानात ‘हासामी’ नावाला मागणी असते आणि कच्ची भांडी मिळत नाहीत म्हणून माल उशिरा येतो, अशी वेळ येते. ज्या वाटणीनं गावाला तारलं, त्याच वाटणीचा एक दुवा तुटला तर बाकीच्या पाचांकडे करण्यासारखं काही उरत नाही.

गावाला हे कळत नाही असं नाही. नागासाकी प्रांताचं मातीकामाच्या तंत्रावरचं संशोधन केंद्र हासामीतच आहे. 1980 च्या दशकात शाळेच्या जेवणासाठी सहजासहजी न फुटणारी पोर्सिलेनची भांडी गावात तयार झाली ती अशाच जोडकामातून. त्यांना स्थानिक बोलीत ‘सहज फुटत नाही’ अशा अर्थाचं नाव दिलं. मुलांनी प्लास्टिकऐवजी स्वतःच्या गावच्या भांड्यात जेवावं म्हणून. आता संगणकावर नमुना काढून यंत्रानं कोरण्याची सोयही आली आहे आणि काही भट्टीवाले ओतकाम स्वतःच्या आवारात आणत आहेत. पण यंत्राला आकार कोरता येतो. कान कोणत्या बाजूला किती ओढेल हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

माझ्या मते पुढचं पाऊल दराचं आहे. नवा आकार बाजारात येतो तेव्हा साचेवाल्याला नुसत्या साच्याचे पैसे न देता, त्या आकारावर पुढे निघणाऱ्या मालातला थोडा वाटा द्यायला काय हरकत आहे? आरेखकाला असा वाटा देण्याची पद्धत आहेच. वाकडा नमुना करून सरळ कप काढणं हे आरेखनच आहे, फक्त ते कागदावर दिसत नाही. आणि जत्रेला येणारा माणूस कप विकत घेऊन निघून जातो. त्यातल्या दहांपैकी एकाला जरी किजियाच्या शेडमध्ये नेऊन ओतकाम दाखवलं, तरी त्या शेडमध्ये शिकायला येणारा विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी मिळण्याची शक्यता वाढेल.

नाकाओ वस्तीत आजही विटांची जुनी धुरांडी उभी आहेत. अरुंद गल्लीतून वर चढत गेलं की झाडीत त्या प्रचंड भट्टीच्या खुणा दिसतात. खाली गल्लीतल्या एखाद्या उघड्या दारातून लाकडी फळ्यांवर ओळीनं मांडलेले कच्चे कप दिसतात, अजून करडे, अजून मऊ, काही कानांसह आणि काही कानाची वाट पाहत. त्यांच्या बुडाखाली अजून काहीच लिहिलेलं नसतं.